न चाखणारा आचारी

संत्रं सडायला लागलं की त्याचा वास मला सगळ्यांच्या आधी येतो. यात मोठेपणा काही नाही. आमच्या घरात तीन पिढ्या संत्र्याचा धंदा आहे. मी स्वतः चाळीस वर्षं अमरावतीच्या फळबाजारात आडत चालवली, आणि पेटीतलं एक फळ बिघडलं तर पेटी न उघडता ते ओळखण्यावरच आमची रोटी चालली. म्हणून गेल्या डिसेंबरात शेजारच्या भिंतीवरून तो वास आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. धंदा मुलाच्या हाती देऊन मी घरी बसलो, तो काय हा वास घ्यायला?

वलगाव रोडवर आमच्या घराला लागून पंजाबरावांचं घर आहे. सव्वीस वर्षांचा शेजार. या अवधीत भांडण झालं ते एकदाच, त्यांच्या शेवग्याच्या फांदीवरून, आणि तेही माझ्या बायकोनं, सईदानं, त्याच फांदीच्या शेंगा मागून मिटवलं. (या हकिगतीत सईदाचं नाव खरं आहे, आणि मला सगळे हाजीसाहेब म्हणतात तेही. बाकीची बदलली आहेत. पंजाबराव म्हणाले, लिहा, पण नाव बदला. बदललं.)

पंजाबराव आचारी. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला माणूस. म्हणजे दारू नाही, मांस नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. पण दिवाळीत ते एका यात्रा कंपनीबरोबर युरोपला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांच्याबद्दल रस्त्यावर नको ते बोललं जाऊ लागलं. आधी म्हणे, पंजाबराव तिकडं प्यायला शिकले. मग म्हणे, आता घरातच गाळतात. मी यावर विश्वास ठेवला नव्हता. पण लोक खोटं बोलतात, वास बोलत नाही. मी काठी घेतली आणि भांडायला गेलो.

मागच्या अंगणात शेवग्याखाली एक मातीचा रांजण होता. झाकण बाजूला काढून ठेवलेलं. पंजाबराव स्टुलावर बसून रांजणाच्या तोंडात मान घालून होते आणि त्यांची बायको, सत्यभामाबाई, हातात लाकडी दांडा घेऊन बाजूला उभी होती. माझी चाहूल लागली तसं त्यांनी डोकं वर केलं.

"या हाजीसाहेब, बसा."

"बसाले नाही आलो. पंजाबराव, हे काय चालू हाये?"

ते बायकोकडे पाहायला लागले. तिनं मानेनं हो म्हटलं.

"मले वास येत नाही," पंजाबराव म्हणाले. "साडेतीन वर्षं झाले. कोणाले सांगू नोका."

मी बसलो.

हे काय संकट आहे ते कळायला हा माणूस स्वयंपाक कसा करतो ते माहीत पाहिजे. पंजाबराव पातेल्यातलं कधी चाखत नाहीत. देवाला उपहार, म्हणजे नैवेद्य, दाखवल्याशिवाय अन्न तोंडाला लावायचं नाही, लावलं तर ते पातेलं उष्टं झालं. हा नियम त्यांच्याकडे घरच्या दोन माणसांच्या वरणालाही आहे आणि हजार पानांच्या पंगतीलाही. मग मीठ बरोबर पडलं हे कळतं कसं? तर वासावर. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. उकळत्या रश्श्यावर ते एकदा तळहात फिरवत, वाफ नाकाकडे घेत आणि म्हणत, "चिमूटभर कमी हाये." चिमूट पडायची आणि ती खरोखर तेवढीच लागायची. आमच्या मुलीच्या लग्नात शाकाहारी पाहुण्यांची पंगत त्यांच्याकडेच होती. आमचे बिर्याणीवाले खानसामे आपली देग सोडून त्यांना बघायला आले होते. मला फळाचं नाक आहे, पण ते नुसतं बिघाड ओळखणारं. पंजाबरावांचं नाक घडवणारं होतं.

रिद्धपूरजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म. वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेचे राखणदार. रिद्धपूरला एका मठात दर चैत्रात मोठी पंगत होते आणि तिथल्या उपहाराची चूल बावीस वर्षं पंजाबरावांकडे होती. अमरावती-अकोल्यात आचारी म्हणून जे नाव मिळालं ते या चुलीमुळे. मी त्यांना एकदा सहज विचारलं होतं, की यात्रा, लग्नं, पंगती, यांतलं सगळं सोडायची पाळी आली तर शेवटी काय सोडाल? ते म्हणाले, रिद्धपूर. त्यावर विचारसुद्धा केला नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला. ताप गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणून सहा महिने वाट पाहिली. मग अकोल्याच्या एका नाकाच्या डॉक्टरकडे गेले. अमरावतीत कोणी पाहील ही भीती. डॉक्टर म्हणाला, लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल, या चार गोष्टी सकाळ-संध्याकाळ नाकाशी धरा, आणि तो वास आठवत आठवत श्वास घ्या. दोन वर्षं त्यांनी हे केलं. ते सांगतात, चार कोऱ्या कागदांचा वास घेतल्यासारखं वाटायचं.

गुपित फक्त सत्यभामाबाईला माहीत होतं. तिनं यावर काढलेली युक्ती ऐकून मी थक्क झालो. कुठंही पंगत असली की ती चुलीजवळ लसूण सोलत बसायची. तिचा हात थांबला की फोडणी झाली. ती पदर सावरायला लागली की मीठ पुरे. तीन वर्षं सगळ्या वऱ्हाडानं पंजाबरावांच्या हातचं आणि सत्यभामाबाईच्या नाकाचं जेवण खाल्लं. रिद्धपूरचे तीन चैत्रही तसेच निघाले. लोक म्हणायचे, बायको किती मदत करते.

अशात यात्रा कंपनीचा मालक घरी आला. दिवाळीच्या सुट्टीत चाळीस माणसं युरोपला निघाली होती, बहुतेक अमरावती-अकोल्याची, त्यात म्हातारीकोतारी बरीच. बसच्या मागे स्वयंपाकाची एक छोटी गाडी जोडलेली असते. तिथला नेहमीचा आचारी आजारी पडला होता. एकाच आचाऱ्याची सोय होती. सत्यभामाबाईला नेता येणार नव्हतं. पंजाबराव कधी कोणाला नाही म्हणालेले नाहीत. आता नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. कारण देता येत नव्हतं, म्हणून ते हो म्हणाले. माणूस कशाकशामुळे परदेशी जातो, त्यातलं हे एक.

सत्यभामाबाईनं चौदा दिवसांच्या अठ्ठावीस पुड्या बांधल्या. एकेका पुडीत चाळीस माणसांच्या एका वेळच्या जेवणाचं मीठ, तिखट, हळद, मसाला, सगळं मोजून. वर चिठ्ठी: अमका दिवस, दुपार किंवा संध्याकाळ, मोहरीचा आवाज थांबला की पन्नास आकडे मोजा, मग जिरं. नाकानं करायचं काम तिनं असं आकड्यांत उतरवून दिलं. पंजाबराव म्हणतात, ते पुडकं विमानात मांडीवर घेऊन बसले होते.

पॅरिसला पहिल्या संध्याकाळी मंडळी हॉटेलच्या गच्चीवर बसली. त्यांत नितेश नावाचा दर्यापूरचा बियाण्यांचा दुकानदार होता. गमत्या माणूस, वाईट नाही. त्यानं तिथली एक दारू मागवली. पिवळसर, पाणी ओतलं की दुधासारखी पांढरी होणारी. "पंजाबराव, हे बडीशेपेची हाये," तो म्हणाला. "पिऊ नोका, वास तं घ्या. वासानं काय उपदेश मोडते?"

पंजाबराव सांगतात की त्यांनी यावर खरंच विचार केला. उपदेशात पिऊ नये असं आहे. नाकाबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पेला नाकाशी नेला आणि साडेतीन वर्षांत पहिल्यांदा नाकात मिरचीच्या ठसक्याहून वेगळं काहीतरी झालं. झोंबलं. वर कपाळापर्यंत गेलं. पेला त्यांनी कसाबसा खाली ठेवला आणि खोलीत जाऊन देवाचं स्मरण केलं. त्यांना वाटलं, दार उघडलं.

तेव्हापासून हा उपदेशी माणूस गावोगावची दारू शोधायला लागला. बसचा ड्रायव्हर पोलंडचा होता आणि त्याला या विषयात गती होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण ड्रायव्हर बाटली दाखवायचा, ती कशाची आहे ते फळ किंवा दाणे दाखवायचा, आणि पंजाबराव नाक पुढे करायचे. पेल्यातली दारू पुढे ड्रायव्हर बस उभी केल्यावरच प्यायचा. तोही आपल्या नियमाचा पक्का होता.

ब्रुसेल्सला त्यांना गव्हाची एक बियर दिसली, ताकासारखी गढूळ. तिच्यात धने आणि संत्र्याची वाळवलेली साल घालतात हे ड्रायव्हरनं खिशातून धने काढून दाखवलं. पंजाबरावांनी पेला दोन्ही हातांनी जवळ घेतला. धने आयुष्यभर हातात, आणि संत्र्याच्या बागेत लहानपण. नाक उघडणारच असेल तर या पेल्यावर उघडेल असं त्यांना वाटलं. काहीच आलं नाही. फेस खाली बसेपर्यंत ते पेला धरून बसले होते. नंतर स्वयंपाकाच्या गाडीत गेले आणि आठव्या पुडीचा भात टाकला.

अॅमस्टरडॅमला दारूच्या एका जुन्या दुकानात तिथल्या कडक दारूचा इवलासा पेला काठोकाठ भरून फळीवर ठेवतात. उचलला तर सांडतो, म्हणून पिणारा पहिला घोट हात न लावता, कमरेत वाकून घेतो. तिकडची रीतच आहे. पंजाबरावही वाकले. दंडवत घालतो तसे मन लावून वाकले, नाक पेल्यापर्यंत नेलं आणि न पिता उठले. दुकानदार पोट धरून हसला. पण इथं झोंबलं ते पॅरिसपेक्षा जास्त. तेव्हा त्यांनी हिशेब बांधला की जेवढी कडक तेवढं नाक उघडतं.

हा हिशेब चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे दोन दिवसांनी जर्मनीत कळलं. कोबी चिरताना त्यांचं बोट कापलं. सहलीची व्यवस्थापक रागिणी, अमरावतीचीच मुलगी, तिनं कापसाला स्पिरिट लावून जखम पुसली. पुसताना कापूस नाकाजवळून गेला आणि अगदी तसंच झोंबलं. पॅरिसचं, अॅमस्टरडॅमचं, सगळं तेच. तो वास नव्हता. कांदा चिरताना डोळे चुरचुरतात, म्हणून काही डोळ्यांना कांद्याचा वास येत नाही. पंजाबराव रागिणीला एवढंच म्हणाले, "लय झोंबते बेटा." तिला वाटलं, बोटाला.

त्या दिवशी त्यांना कुठंच जायचं नव्हतं, पण बस जाईल तिकडं स्वयंपाकाची गाडी जाणारच. दाट जंगलातल्या एका शेतकऱ्याकडे मंडळी उतरली. तो शेतकरी स्वतःच्या झाडाखाली पडलेल्या फळांची दारू गाळायचा. चेरीची, नाशपातीची, आलुबुखाराची. अंगणात लाकडी टेबलावर लहान लहान पेले मांडले होते. मंडळी चाखायला लागली. पंजाबराव तिकडं न बघता हात धुवायला गोठ्यामागे गेले. तिथं झाकण अर्धवट सरकवलेली पिंपं होती. त्यांत गळलेले आलुबुखार कुजत पडलेले.

आणि तिथं त्यांना वास आला.

मी त्यांना तीनदा विचारलं, नक्की वास? झोंबलं नाही? ते म्हणाले, "हाजीसाहेब, माह्या बापाची बाग आली." म्हणजे बहाराच्या शेवटी झाडाखाली संत्र्याची गळ पडते, दोन दिवस ऊन खाते आणि आंबते, तो वास. आमच्या धंद्यात या वासाला शिव्या देतात. राखणदाराच्या पोराच्या मात्र अंगाला तो असतो. दोन श्वास तो वास टिकला, तिसऱ्याला गेला.

ते धावत टेबलापाशी आले. या पिंपातलीच ही दारू, म्हणजे वास तिच्यातही असणार, हे त्यांनी धरून घेतलं. आलुबुखाराचा पेला उचलला, डोळे मिटले, नाकाशी धरला. पण ती गाळलेली. जे कुजकं होतं ते सगळं मागे ठेवून आलेली. नुसतं झोंबलं. पंजाबरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मंडळींनी आपापले रिकामे पेले त्यांच्यासमोरच ठेवले होते, कारण आचाऱ्यासमोर भांडी ठेवायची सवय असते माणसाला. नितेशनं त्याच क्षणी फोटो काढला. समोर अकरा रिकामे पेले, हातात बारावा, डोळे मिटलेले, गाल ओले. खाली लिहिलं, "आमचे महाराज रंगात." आणि टाकला सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ग्रुपवर सगळ्यांचे घरचे लोकही होते.

मी नितेशला ओळखत नाही. भेटला तर त्याला दोन शब्द सुनवीन.

पुढचा मुक्काम स्वित्झर्लंडचा. तिथं बारा जण बर्फाच्या डोंगरावर गेले, त्यांचं जेवण वरच होतं. खाली राहिले अठ्ठावीस. पंजाबरावांनी तांदूळ कमी घेतला, डाळ कमी घेतली आणि पुडी चिठ्ठीप्रमाणे अख्खी टाकली. पुडीत मीठ चाळीस माणसांचं. वाफेवर हात फिरवला, सवयीनं. वाफेनं काहीच सांगितलं नाही. वाढलं.

पहिल्या घासाला लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी हळूच म्हणालं, "कालची उतरली नाही वाटते महाराजची." तेव्हा मूर्तिजापूरच्या पार्वताबाई, सत्तरी पार केलेली बाई, मुलानं हौसेनं आणलेली, त्या मोठ्यानं बोलल्या, "म्याच सांगतलं होतं त्याईले मीठ जास्ती टाकाले. थंडीत लागते मीठ. भात जास्ती घ्या अन् खा मुकाट्यानं."

जेवणं झाल्यावर त्या स्वयंपाकाच्या गाडीपाशी आल्या.

"नाक गेलं ना तुमचं?"

पंजाबराव भांडी घासत होते. ते घासत राहिले.

"माह्या जाऊचं गेलं होतं, कोरोनात. तिचंबी वरण असंच व्हाये. मंग चाखून पाहाले काय झालं होतं? जिभेले तं मीठ कळते."

"उष्टं होते, माय."

पार्वताबाई म्हणाल्या, "मी कोणाले बोलणार नाही. पण ते फोटोचं काय करसान?"

फोटोचं काही करता आलं नाही. पंजाबराव घरी पोचायच्या आधी फोटो रिद्धपूरला पोचला होता. खारट वरणाची बातमीही मागोमाग गेली. एकटा फोटो असता तर लोकांनी गंमत म्हणून सोडलाही असता. वरणानं त्याला साक्ष दिली.

कार्तिकात मठातून निरोप आला. नवरा-बायको दोघं गेले. मठाचे महंत, सगळे त्यांना बाबा म्हणतात, वयानं पंजाबरावांपेक्षा लहान आहेत, पण शांत माणूस. त्यांनी फोटो पुढे केला नाही, आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "पंजाबराव, घेतली का?"

आता इथं पंजाबरावांपुढे दोन रस्ते होते. खरं सांगायचं, की घेतली नाही, वास घेत होतो, कारण मला वास येत नाही. म्हणजे चाखत नाही आणि वासही येत नाही, असा आचारी उपहाराच्या चुलीवर तीन वर्षं उभा होता हे कबूल करायचं. बाबा रागावले नसते. पाठीवर हात ठेवून म्हणाले असते, आता विश्रांती घ्या. आणि चूल दुसऱ्या माणसाकडे गेली असती, कायमची.

पंजाबराव म्हणाले, "चुकलं, बाबा."

ज्या माणसानं आयुष्यात थेंब घेतला नाही, त्यानं दारूचा आळ अंगावर घेतला. बायका मागे बसल्या होत्या, त्यांत सत्यभामाबाई होती. तिनं ऐकलं. बाबांनी प्रायश्चित्त सांगितलं. येता चैत्र चुलीला हात लावायचा नाही, रोजचं स्मरण वाढवायचं, आणि त्याच्या पुढच्या चैत्राला पुन्हा यायचं. वर धीरही दिला: "सुटते दारू. सुटलेले लोक पाहिले आहेत मी."

घरी आल्यावर सत्यभामाबाई म्हणाली, "खोटं बोलले तुमी बाबाले."

"हो."

"काहून?"

"दारुड्याले पुढच्या सालाले बलावतात. वास न येणाऱ्या आचाऱ्याले कोण बलावते?"

दोन दिवस तिनं ते मनात घोळवलं. हे मला तिनंच सांगितलं, रांजणापाशी उभी राहून. खोटं बोलल्याचा तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त राग याचा, की तिचं नाक असताना हे एकटे बुडाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याला समोर बसवलं आणि विचारलं, "तिथं वास कायचा आला होता, नीट सांगा." त्यांनी पिंपांचं सांगितलं, गळ पडलेल्या बागेचं सांगितलं. ऐकून ती उठली आणि आमच्या घरी आली. गायीसाठी म्हणून थैलीभर बिघडलेली संत्री मागून घेऊन गेली. देणारा मीच होतो. ज्या वासावर भांडायला मी काठी घेऊन गेलो, तो माझ्याच मालाचा होता. तिच्याकडे गाय नाही हेही मला तेव्हा सुचलं नाही. म्हातारपण असं येतं.

रोज सकाळ-संध्याकाळ ती दांड्यानं रांजण ढवळते आणि पंजाबराव मान आत घालतात. डॉक्टरनं सांगितलं होतं, आठवत आठवत श्वास घ्या. ते बाप आठवतात, बाग आठवतात. कधी एक श्वास वास येतो, कधी आठवडाभर नाही. सगळं कुजून जिरलं की झाडाला घालायचं आणि नवीन भरायचं. त्या अंगणात कोणी काही गाळत नाही. गाळलेल्याचा उपयोगच नाही, ते जर्मनीत कळलं.

"वहिनी," मी म्हणालो, "लोक काय म्हणून राहिले, मालूम हाये ना? रस्ताभर वास जाते. झाकून ठेवत जा."

सत्यभामाबाईनं दांडा रांजणावर ठोकून झटकला.

"झाकून कायचं ठेवाचं, हाजीसाहेब? नाव तं गेलंच हाये. आता नाक तरी येऊ द्या."

मी काठी घेऊन घरी आलो. सईदानं विचारलं, भांडून आलात का. तिला सगळं सांगितलं. सांगू नका म्हणाले होते, पण सईदा म्हणजे मीच. ती म्हणाली की थैलीनं काय होणार.

तेव्हापासून दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, मी मुलाच्या गोदामातून बिघडलेल्या संत्र्यांचं एक क्रेट सायकलवर बांधून आणतो. मुलगा विचारतो, कायले पाहिजे. मी सांगतो, तुझं काम कर. क्रेटमध्ये एखादं मोसंबं मिसळलेलं असलं तर पंजाबरावांना वासावर कळतं, असं ते म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, पण मी वाद घालत नाही.

मागच्या शुक्रवारी चौकातल्या चहाच्या टपरीवर चार-पाच ओळखीचे बसले होते. त्यांतले दोघं आमच्याच मशिदीतले. एकानं सायकल थांबवली. क्रेटमधून रस गळत होता, माशा घोंगावत होत्या.

"हाजीसाहेब, हा सडका माल कुठं चालला?"

"पंजाबरावकडं."

"कायले?"

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी हजला जाऊन आलेला माणूस आहे. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत रिद्धपूरला पोचलं असतं आणि चूल कायमची गेली असती.

"दारू गाळाले," मी म्हणालो, आणि सायकल पुढे घेतली.